गोठवलेले शिंपले आणि परत मागवलेला माल
काही जण असा मुद्दा मांडतात की उणे १८ अंशांवर जंतू टिकत नाहीत, त्यामुळे शिंपल्यांसारखा गोठवलेला माल दूषित असल्याच्या शंकेने बाजारातून परत मागवणे हा निव्वळ अतिरेक आहे. विषाणूंच्या बाबतीत हे खरे नाही. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब घडवणारा) आणि हिपॅटायटिस-ए (यकृताला सूज आणणारा) हे दोन्ही विषाणू गोठवूनही टिकून राहतात. शिवाय कालवे (ऑयस्टर, शिंपल्यांचाच एक प्रकार) पाणी गाळून अन्न मिळवतात, एक मोठे कालव दिवसभरात शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकते. साहजिकच त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असेल, तर त्यातील विषाणू त्याच्या शरीरात साठतात आणि वरून कितीही धुतले तरी निघत नाहीत. २०१६ मध्ये हवाई बेटांवर गोठवलेले, आयात केलेले स्कॅलॉप (शिंपल्यांचा आणखी एक प्रकार) कच्चे खाल्ल्याने २९२ जणांना हिपॅटायटिस-ए झाला. या आजाराची लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, म्हणून माल परत मागवण्याची सूचना बहुधा उशिराच निघते (आणि दोष मात्र यंत्रणेच्या आळसाला दिला जातो). तोवर पुष्कळांनी शिंपले डब्यात काढून मूळ पिशवी फेकून दिलेली असते, आणि सूचनेशी ताडून पाहायचा लॉट क्रमांक (माल कोणत्या खेपेतला ते सांगणारा) नेमका त्या पिशवीवरच छापलेला असतो.