मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये अंतराची (दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची) सुई चुकली, गर्भनिरोधक गोळ्याही मिळेनात. बायांना काय सांगू?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटांचं काम पाहते. त्यामुळे बाया घरच्या गोष्टी माझ्याजवळ बोलतात. सध्या जे कानावर येतंय त्यानं जीव घाबरा होतो, म्हणून इथं विचारते.

२५ मार्च २०२० पासून एसटी बंद, काळी-पिवळी बंद. प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर. उपकेंद्राच्या सिस्टरला कोविडची ड्यूटी लागली, त्या कधी भेटतात, कधी नाही. आशाताई दारावर येतात, पण हातात सर्व्हेचं रजिस्टर: पुण्या-मुंबईहून कोणी आलं का, ताप-खोकला आहे का? ओसरीवर सासरे बसलेले, दारात दीर उभा. त्यांच्यासमोर सून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट कसं मागणार? त्यात यंदा पुण्याला कंपनीत असलेले, एरवी दिवाळीलाच येणारे नवरे गावात आहेत. ज्या बायांना वर्षभर कशाची गरज नव्हती, त्यांनाही आता पडली आहे.

एकीचं लेकरू नऊ महिन्यांचं, अंगावर पितं. ती अंतराची सुई घेते. सासूला माहीत नाही, म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. काल पदराआडून ते काढून दाखवलं. पुढची तारीख २० एप्रिल, आणि आज ९ मे! "ताई, माही सुई लेट झाली, आता काही होईन का वं?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरीला तीन लेकरं. एप्रिलमध्ये कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन ठरलं होतं, शिबिरच रद्द झालं.

तिसरीची मला जास्त काळजी आहे. तिची शेवटची पाळी २८ मार्चला आली, त्यानंतर नाही. नवरा म्हणतो, बियाणं आणायला तालुक्याला जातो तेव्हा मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या घेऊन येतो. तिला आधीच रक्त कमी आहे. मी तिला थांब म्हटलं, पण किती दिवस थांबवू?

जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद (निवृत्त एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स, अमरावती जिल्हा)

ताई, आधी तिसरीचं बघा. आशाताईकडून निश्चय किट (दिवस आहेत का ते तपासायचं) घ्या, सकाळच्या लघवीवर तपासणी करा. दिवस असतील तर याच आठवड्यात तिला ग्रामीण रुग्णालयात न्या. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर आज तिला सहा आठवडे झाले. २०२० च्या नियमानं गोळ्यांनी गर्भपात ७ आठवड्यांपर्यंतच करता येतो, आणि तोही मान्यता असलेल्या डॉक्टरच्या देखरेखीत. मेडिकलमधून आणून घरी घेऊ देऊ नका. अर्धवट पडलं की रक्त थांबत नाही, आणि गर्भ नळीत असेल तर जीवावर बेततं. १९७१ च्या कायद्यानं ठरावीक कारणांसाठी गर्भपात कायदेशीर आहे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हेही विवाहितेसाठी त्यातलं एक कारण आहे. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. हे तिला नक्की सांगा, बायांना हे कोणी सांगतच नाही.

सुईवाली घाबरली असेल, पण तिची वेळ गेलेली नाही. अंतरा दर तीन महिन्यांनी असते आणि ठरल्या तारखेनंतर ४ आठवड्यांपर्यंत घेता येते. म्हणजे तिला १८ मेपर्यंत मुदत आहे. तेही चुकलं तर आधी दिवस आहेत का याची तपासणी, मग सुई, आणि पुढचे ७ दिवस निरोध. सुई नसेलच तर छाया गोळी अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरवून, नंतर आठवड्यातून एकदा. बाळ सहा महिन्यांच्या वर आहे म्हणून माला-एनही चालेल, फक्त बीपी असेल तर नको.

ऑपरेशनवालीनं तोवर सुई किंवा गोळी घ्यावी. शिबिराच्या भरवशावर मोकळं राहू नये. आणि काही न वापरता संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी आशाताईकडे असते.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १४ एप्रिलच्या सूचनांमध्ये प्रजनन आरोग्यसेवा अत्यावश्यक धरली आहे. "आता फक्त कोरोना" असं कोणी म्हणालं तर मेडिकल ऑफिसरना हे सांगा. नाक्यावर "दवाखान्यात चाललो" एवढं पुरे, कार्ड दाखवायची गरज नाही.

प्रतिसाद (वर्धा)

आमच्याकडे अंगणवाडी सेविका पोषण आहाराची पाकिटं घरपोच देतात. आशाताई त्यांच्यासोबत फिरतात. पाकीट घ्यायला सून स्वतःच येते, तेव्हा गोळ्या तिच्या हातात देता येतात. सर्व्हेच्या वेळी विचारूच नका, जमत नाही.

धागाकर्ती

ताई, तुमचे फार उपकार. १८ मे ही तारीख तिला आत्ताच सांगून आले. सेविकाताई आमच्याच गटात आहेत, त्यांच्याशी संध्याकाळी बोलते. तिसरीच्या नवऱ्यालाही समजावलं, तो मोटरसायकलवर न्यायला तयार आहे. पण आमच्या ग्रामीण रुग्णालयात सध्या बाह्यरुग्ण विभाग किती वाजता सुरू असतो ते गावात कोणालाच माहीत नाही. तिथं फोन न लावता ही माहिती कुठून मिळेल? १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर विचारलं तर सांगतात का? कोणी लावून पाहिला असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, सकाळी निघायचं आहे.