क्लासात रोज "आय कॅन", गिऱ्हाईकापुढं मात्र गप्प. गोष्टी वाचून इंग्रजी येतं का?

शहापूरची_शिलाई

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. थोरली मुलगी दहावीला, मराठी माध्यम. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं म्हणते, आणि तिकडं सगळं इंग्रजीतच. कन्नडचं काही अडत नाही, ते गल्लीत खेळूनच आलंय. इंग्रजीचंच घोडं अडलंय.

म्हणून मे महिन्यात एका क्लासला घातली. बाहेर बोर्ड होता, साहित्य, संस्कार आणि सकारात्मक विचारांतून इंग्रजी. तीन महिन्यांचे ४५०० रुपये. मला वाटलं, गोष्टी-कविता वाचून घेतील. तर साहित्य म्हणजे रोज फळ्यावर एक सुविचार, तो वहीत उतरवायचा. मग सगळ्यांनी उभं राहून "आय कॅन, आय विल, आय ॲम कॉन्फिडंट" वीस वेळा म्हणायचं. वही भरली. अक्षर मोत्यासारखं.

गेल्या आठवड्यात कॅम्पातून एका मिलिटरीवाल्यांच्या मिसेस ब्लाउज घेऊन आल्या. मी आत कुकर लावत होते. त्यांनी पोरीला विचारलं, "कॅन यू ऑल्टर धिस बाय सॅटरडे?" पोरगी खांबासारखी उभी. अहो, तीन महिने सकाळी वीस वेळा "आय कॅन" म्हणणारी! उत्तर तेवढंच तर होतं.

मी स्वतः दहावी नापास. घरात एक डिक्शनरी आहे, मोबाईल आहे, वाचनालयाची वर्गणी भरायचीही तयारी आहे. खरंच गोष्टी वाचून इंग्रजी येतं का? आणि येत असेल तर कुठल्या वाचायच्या? "आत्मविश्वास वाढवा" एवढंच सांगू नका, त्याचे पैसे भरून झालेत.

बेंगळूरचा_बेळगावकर

ताई, राग मानू नका, पण मी त्या घोषणांच्या बाजूचा आहे. येळ्ळूरच्या मराठी शाळेतून पीयूसीला गेलो तेव्हा पहिले दोन महिने हजेरीला "प्रेझेंट" म्हणायलाही घसा सुकायचा. आमच्या क्लासातही असंच ओरडायला लावायचे. अर्थ शून्य, पण आपला आवाज इंग्रजीत कसा येतो ते कानाला कळलं, लाज मोडली. आता दिवसभर फोनवर इंग्रजीच बोलतो. व्याकरण अजून लंगडंच आहे, ते सोडा. पोरीला बोलू द्या, चुकू द्या. पुस्तकं नंतर.

निवृत्त_मास्तर_खानापूर

ताई, मी खानापूर तालुक्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वरच्या भावाचं अर्धं खरं आहे. लाज मोडावीच लागते. पण ओरडून लाज मोडते, वाक्य येत नाही. तुमच्या पोरीला "आय कॅन" पाठ होतं. आपल्याला विचारलंय आणि तेच उत्तर आहे, हे तिच्या कानानं पकडलं नाही. कारण ते शब्द तिनं कुणाला उत्तर म्हणून कधी वापरलेच नव्हते.

आणखी एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आपलं मूल इंग्रजी वाक्य ऐकताना शेवटाची वाट बघत बसतं. इंग्रजीत ते तर आधीच येऊन गेलेलं असतं. हे सुविचारांनी सुटत नाही, ते दोन-चार शब्दांत संपतात आणि बहुतेक वर्तमानकाळात. पीयूसीचं फिजिक्सचं पुस्तक तसं लिहिलेलं नसतं. त्यात "जर", "म्हणून", "तोपर्यंत", "तरीही" यांनी जोडलेली लांब वाक्यं असतात. तशी वाक्यं कंटाळा न येता शेकड्यांनी वाचायची, तर गोष्टीशिवाय दुसरी सोय मला सापडली नाही. आमच्या वेळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. चांगली होती, पण त्या वाक्यांत कुणी कुणाचं लागत नव्हतं.

तुमचा धंदा वाचला आणि एकच गोष्ट डोळ्यापुढं आली. ऑस्कर वाइल्डची 'द हॅपी प्रिन्स', १८८८ची. जुनी आहे, मोबाईलवर फुकट मिळते. छापील दहा-बारा पानं. चौकातला सोन्यानं मढवलेला राजपुत्राचा पुतळा गावातलं दुःख बघून रडतो आणि एका पाकोळीच्या चोचीतून आपले हिरेमाणकं गरिबांना पाठवतो. पहिलं माणिक कुणाला जातं? शिवणकाम करणाऱ्या बाईला. तिचे हात खरबरीत, सुईनं टोचून टोचून लाल झालेले. राणीच्या एका मानकरी दासीच्या साटीनच्या झग्यावर ती कृष्णकमळं भरते आहे. कोपऱ्यात पोरगं तापानं फणफणलंय, संत्री मागतंय, आणि आईजवळ नदीच्या पाण्याशिवाय द्यायला काही नाही. इकडं ती दासी सज्जात उभी राहून म्हणते, झगा वेळेत मिळाला म्हणजे बरं, या शिवणाऱ्या बायका फार आळशी असतात.

असं करा. आधी तुम्ही तिला ही गोष्ट मराठीत सांगा, मी सांगितली तेवढीच. मग तिनं रोज अर्धं पान मशीनजवळ उभं राहून मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडायची नाही, एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तरच. वाचून झालं की तुम्हाला मराठीत सांगायचं आणि वहीत स्वतःची तीन वाक्यं इंग्रजीत लिहायची. चुकली तरी खोडायची नाहीत. भूतकाळ तिला आपोआप भेटेल, "सेड" (म्हणाला) आणि "फ्लू" (उडाला) त्या गोष्टीत पावलापावलाला आहेत.

डिक्शनरीचा एक धोका सांगतो. राजपुत्र पाकोळीला "स्वॅलो, स्वॅलो, लिटल स्वॅलो" अशी हाक मारतो. माझ्या वर्गातल्या एका पोरानं डिक्शनरी बघून लिहिलं होतं, "गिळ, गिळ, लहान गिळ." मी त्याला पूर्ण मार्क दिले. डिक्शनरी उघडली तर होती.

धारवाड_स्टेशन

मास्तरांचं पटलं. थोडी पुढची पायरी सुचवतो. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे आणि लिहायचे मराठीत. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यातली 'द लाइट इन द फॉरेस्ट' (१९५३) छोटी आहे, जी.एं.चं मराठी 'रानातील प्रकाश'. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. चार वर्षांचा असताना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी, रेड इंडियनांनी, उचलून नेलेला गोरा मुलगा त्यांचाच होऊन वाढतो. पंधराव्या वर्षी तह होतो आणि त्याला जबरदस्तीनं "आपल्या" माणसांत परत पाठवतात. शेवटी तो ना इकडचा ना तिकडचा. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. सकारात्मक म्हणाल तर अजिबात नाही. पण मी ती रात्रभर जागून वाचली होती, आणि तोपर्यंत कुठलंच इंग्रजी पुस्तक मी दहा पानांपुढं नेलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर_खानापूर

सुंदर पुस्तक. पण दहावीची परीक्षा होऊ दे, मग. शेवट जड आहे.

शहापूरची_शिलाई

सर, उशिरा लिहितेय. तीन आठवडे लागले, मध्ये तिची परीक्षा होती.

पहिले चार दिवस पोरीनं तोंड वाकडं केलं. ती शिवणाऱ्या बाईपर्यंत आली आणि मी मशीन थांबवलं. आळशी म्हणे! साटीनवर कृष्णकमळ भरायचं म्हणजे काय असतं ते त्या दासीला कुणीतरी सांगा. कापड सुईखाली सरकतं, रिंग घट्ट केली तर वळ उठतो, तो इस्त्रीनंही जात नाही. मी अर्धा तास बोलत होते. पोरगी म्हणाली, आई, एवढं सगळं इंग्रजीत कसं सांगायचं? म्हटलं, मला काय विचारतेस, तूच बघ. "सॅटिन इज स्लिपरी. माय मदर नोज. द लेडी डज नॉट नो." ही तिची पहिली तीन वाक्यं. बरोबर आहेत ना?

पाकोळी ते माणिक बाईच्या "थिंबल"शेजारी ठेवते. हा शब्द तिला अडला. मी बोटातलं अंगुस्तान काढून तिच्या हातात ठेवलं. तो शब्द आता ती विसरायची नाही. मीसुद्धा.

शेवटाला घरात भांडण झालं. पुतळा भट्टीत घालतात, सगळं वितळतं, फक्त त्याचं शिशाचं काळीज वितळत नाही. ती वाचत होती तेव्हा मिस्टर जेवत होते. म्हणाले, "शिसं? खोटं आहे. शिसं सगळ्यात आधी वितळतंय, ३२७ डिग्रीला. चुलीवरबी होतंय की." पोरगी चिडली. पप्पा, गोष्ट आहे ती! ते म्हणाले, असू दे गोष्ट, लिहिणाऱ्यानं फौंड्रीत येऊन बघायचं होतं. रात्री तिनं वहीत लिहिलं, "माय फादर सेज लेड मेल्ट्स फर्स्ट. बट धिस हार्ट डिड नॉट मेल्ट, बिकॉज इट वॉज ब्रोकन." त्यांना वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला. काही बोलले नाहीत, ताट उचलून गेले.

बेंगळूरच्या भावाला सांगायचं म्हणजे, मोठ्यानं वाचायची लाज खरंच कमी झालीय, तेवढं श्रेय क्लासला देते.

त्या कॅम्पातल्या बाई परवा दुसरा ब्लाउज घेऊन आल्या. परत शनिवारच. मी मुद्दाम आतच थांबले. पोरगी म्हणाली, "नॉट सॅटरडे. माय मदर हॅज मेनी ब्लाउजेस. मंडे." बाई बरं म्हणून गेल्या.

सर, पुढची गोष्ट सांगा. लहानशीच सांगा, तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई लागते, मग मला कान द्यायला वेळ नसतो.