डोंबिवलीचं घर विकून आईबाबांनी तळेगावला ज्येष्ठांच्या संकुलात जावं, असं माझं मत आहे. पटतंय का?

लोकलवाला
सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याने लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहू नये. घर विकावं, पैसा मोकळा करावा आणि हातपाय चालताहेत तोवरच नवीन जागी रुळावं. आमच्या घरात यावरून वाद चालू आहे, म्हणून इथे मांडतोय.

बाबा ७५, आई ७१. दोघंही स्वतःचं सगळं स्वतः करतात, पण आईचे गुडघे गेलेत आणि ती खाली उतरायचंच टाळते. मी बंगलोरला, बहीण पुण्यात. तळेगाव दाभाडे पसंत पडलं, कारण पुणे-लोणावळा लोकल आहे, गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि बहिणीला सहज येता-जाता येईल.

पर्याय दोन. वन बीएचके विकत, ५८ लाख आणि वर मुद्रांक शुल्क. किंवा २५ लाख परतीचं डिपॉझिट आणि दोघांचे महिना ३६ हजार, जेवणखाण, साफसफाई धरून. डोंबिवलीच्या घराचे ७५ लाख येतील असं एजंट म्हणतो. डिपॉझिट देऊन ५० उरले, ते दोघांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर ८.२ टक्क्यांनी महिना ३४ हजार सुटतात. बाबांची पीएफची पेन्शन तीन हजारांच्या आत. जेमतेम का होईना, भागतं. मला डिपॉझिटचा पर्याय बरा वाटतो.

जमाखर्च
भागत नाही. ३६ हजारांत जीएसटी धरलाय का ते आधी विचारा. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल आणि शुल्क माणशी महिना २५ हजारांपर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे. कंपनी चालवत असेल तर सेवांवर लागतो, आणि १८ टक्क्यांनी धरला तर आकडा ४२,४८० होतो.

दुसरं, २५ लाख बिनव्याजी अडकले. त्याच दराने तेवढ्या रकमेवर वर्षाला २ लाख ५ हजार मिळाले असते, म्हणजे महिना सतरा हजार. हाही खर्चच आहे, फक्त पावतीवर दिसत नाही. खरा आकडा साठ हजारांच्या घरात जातो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बचत योजनेचं व्याज पाच वर्षं एकच राहतं, संकुलाचं शुल्क दरवर्षी वाढतं. करारात ८ टक्के वाढ असेल तर नऊ वर्षांत दुप्पट. तेव्हा बाबा ८४ चे असतील.

आणि घर विकून झालेला नफा दुसरं घर घेण्यात घातला तर करात सूट मिळते. डिपॉझिट म्हणजे घरखरेदी नव्हे. सीएला विचारल्याशिवाय टोकन घेऊ नका.

बाणेरच्या आजी
मी पुण्यात अशाच एका संकुलात राहते, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे व्याजाचे दर बघताय. आमचे हे गेल्यावर मी जुन्या सोसायटीत दीड वर्ष काढलं. शेजारी चांगले होते, पण सकाळी सगळे कामाला जायचे आणि जिन्यात संध्याकाळपर्यंत पावलाचा आवाज नसायचा. इथे नाश्त्याला कोणी दिसलं नाही की नऊच्या आत त्याचं दार वाजतं. मागे माझी साखर उतरली होती, तेव्हा शेजारच्या काकांनीच दार वाजवलं. याची किंमत कुठल्या रकान्यात धरणार?

लोकलवाले, तुमचं बरोबर आहे. जायचं तर आत्ताच जावं. ऐंशीनंतर ओळखी होत नाहीत.

पदरमोड
आजी, तुमचा अनुभव खरा आहे, तरी मी विरोधातच लिहिणार. माझ्या सासूबाई अशा ठिकाणी राहिल्या आहेत, तेही तळेगावच्या बाजूलाच, नाव लिहीत नाही. ‘स्वावलंबी ज्येष्ठांसाठी’ या शब्दांचा अर्थ करारात असतो, माहितीपत्रकात नसतो. आमच्या करारात होतं की अंघोळ, कपडे, संडास यासाठी मदत लागायला लागली तर स्वतःच्या खर्चाने माणूस ठेवा, नाहीतर जागा सोडा. सासूबाईंना पार्किन्सन्स झाला. ब्युरोची चोवीस तासांची बाई महिना २६ हजार, तिच्या जेवणाचे संकुलाला वेगळे, आणि वन बीएचकेमध्ये ती झोपणार हॉलमध्ये. मूळ शुल्क एक रुपया कमी झालं नाही.

आणखी एक बघून या. बाथरूममध्ये मदतीच्या घंटेची दोरी असते. आम्ही गेलो तेव्हा पुसताना ओली होते म्हणून ती वर गुंडाळून ठेवलेली होती, छातीच्या उंचीला. खाली पडलेला माणूस तिथपर्यंत पोचणार कसा? चार-पाच घरं उघडून बघितली, सगळीकडे तेच. दोरी जमिनीपासून वीतभरापर्यंत आली पाहिजे.

सातबारा
कायद्याचं थोडं. मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, न घसरणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, आणि हे सगळं विक्री करारात यायला हवं. पण हे बांधकामाचे नियम आहेत. डॉक्टर किती वाजेपर्यंत असतो, रात्री गाडी आहे का, शुल्क किती वाढणार, हे वेगळ्या सेवा करारात असतं आणि भांडण तिथेच होतं. डिपॉझिटमध्ये तर विक्री करारच नसतो. त्यामुळे माझं मत, घ्यायचंच तर विकत घ्या.

फक्त वारसाची अट वाचा. बऱ्याच संकुलांत मालकी मुलांकडे येते, पण वय बसेपर्यंत त्यांना तिथे राहता येत नाही. गिऱ्हाईकही ज्येष्ठच लागतं. तोवर बंद घराचा मेंटेनन्स चालू.

फडके रोड
मी डोंबिवलीचाच. विकू नका! तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे इमारत पस्तीसेक वर्षांची असणार. अशा सगळ्या सोसायट्यांत पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. नवीन घर, लिफ्ट, बांधकाम होईपर्यंत भाडं, सगळं बिल्डर देतो. आज ७५ ला विकाल आणि चार वर्षांनी हळहळाल.

बाणेरच्या आजी
चार वर्षं? पंचाहत्तरीच्या माणसाने भाड्याच्या घरात चार वर्षं थांबायचं, तेही बिल्डरने भाडं वेळेवर दिलं तर? त्या बाईचे गुडघे आत्ता दुखताहेत हो.

लोकलवाला
आजींशी सहमत. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय सहा वर्षं निघतोय, अजून बिल्डर ठरलेला नाही. त्याच्या भरवशावर आईला वर कोंडून ठेवायची माझी तयारी नाही.

पदरमोड यांनी लिहिलेलं कलम आमच्या मसुद्यातही आहे, आज काढून वाचलं. व्यवस्थापकाला फोन केला तर म्हणाले, ‘तशी वेळ आलीच तर आपण सांभाळून घेऊ.’ हे लेखी द्या म्हटलं, तर विषय बदलला. डिपॉझिटचा पर्याय माझ्यापुरता संपला. डोंबिवलीचं घर विकण्याच्या बाजूने मी अजूनही आहे.

पदरमोड
मग विकत घेण्याआधी भाड्याने राहू दे त्यांना. अशा संकुलांत परदेशी असलेल्या लोकांनी घेतलेली घरं रिकामी असतात, ती ज्येष्ठांनाच भाड्याने देतात. लिव्ह अँड लायसन्स करा, नोंदणी करा आणि पावसाळ्यातच न्या. मावळातला पाऊस डोंबिवलीसारखा नाही, गारठा अंगात बसतो. जुलै तिथे निभला तर पुढचं बोला. डोंबिवलीचं घर तोवर भाड्याने द्या.

जमाखर्च
हेच म्हणणार होतो. डोंबिवलीचं भाडं आणि तिकडचा खर्च यातला फरक दोघा भावंडांनी भरा. कोण किती देणार ते आत्ताच लिहून ठेवा. बहीण जवळ आहे म्हणून धावपळ तिची, आणि वर पैसेही निम्मे, असं व्हायला नको.

लोकलवाला
बहिणीशी बोललो. ती येण्याजाण्याचं बघेल, फरक पूर्ण मी भरेन. आईची एकच अट आहे, स्वयंपाक तिचा ती करणार. म्हणून जेवणाशिवायचं शुल्क विचारलं, तर म्हणतात दोघांचं जेवण सक्तीचं. भाडेकरूंनाही. यावर कोणी तोडगा काढलाय का?

बाणेरच्या आजी
आमच्याकडे एक वेळचं जेवण सक्तीचं आहे, दोन्ही वेळचं नाही. रहिवाशांनी मिळून मागितलं तेव्हा मिळालं. तिथल्या रहिवाशांना गाठा, व्यवस्थापकाला नको. संध्याकाळी पाचनंतर बाकांवर सगळे असतात.