मॅग्डालेना अँडरसन: सकाळी निवड, संध्याकाळी राजीनामा. स्वीडनमध्ये हे गणित चालतं कसं?

अवांतरवाला (धागाकर्ता)

२४ नोव्हेंबर २०२१ ला स्वीडनच्या संसदेने, म्हणजे रिक्सडागने, सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मॅग्डालेना अँडरसन यांना पंतप्रधानपदी निवडलं. बाजूने ११७, विरोधात १७४. विरोधी मतं जास्त, तरी निवड! त्याच दिवशी सुमारे सात तासांत राजीनामा आणि २९ तारखेला पुन्हा निवड, तीही १०१ विरुद्ध १७३ अशी. आपल्याकडे १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. मग तिथे हे कसं काय चालतं? आणि बाई मुळात राजकारणी की नोकरशहा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कलम_सहा

तिथे "किती जण बाजूने" हा प्रश्नच नाही. किती जण विरोधात, एवढंच मोजतात. १९७५ पासून लागू असलेल्या राज्यघटनेनुसार संसदेचे अध्यक्ष पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतात, चार दिवसांच्या आत मतदान होतं आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त जणांनी विरोधात मत दिलं तरच नाव बाद होतं. सदस्य ३४९, म्हणजे नाव पाडायला १७५ विरोधी मतं हवीत. १७४ पडली, एक कमी. संपला विषय. तटस्थ राहिलेला आणि घरी बसलेला सदस्य सारखाच, दोघांचा फायदा उमेदवारालाच.

अध्यक्षांनी सुचवलेली नावं चार वेळा बाद झाली तर तीन महिन्यांत जादा निवडणूक. आजवर ती वेळ आलेली नाही.

अविश्वास ठरावालाही तोच नियम. मांडायला ३५ सदस्य पुरतात, पण मंजुरीला पूर्ण १७५ लागतात. हाच निकष लावला असता तर १९९९ ला विरोधातली २७० मतं अपुरी ठरली असती, कारण लोकसभेच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून ती कमीच होती. आपल्याकडे हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत बघतात, सगळा फरक तिथे आहे.

३४९ हा विषम आकडा का, तर आधी ३५० होते आणि १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही बाजू १७५-१७५ वर अडकल्या. काही प्रश्न चक्क चिठ्ठी टाकून सोडवावे लागले. १९७६ पासून एक जागा कमी केली.

ताळेबंद

नियम वर आलाच आहे. त्या दिवशी घडलं काय ते बघू, कारण निवड आणि अर्थसंकल्प या दोन मतदानांचे नियम वेगळे आहेत आणि घोळ नेमका तिथे झाला.

बाजूची ११७ मतं म्हणजे सोशल डेमोक्रॅट १००, सरकारातला त्यांचा साथीदार ग्रीन पक्ष १६ आणि एक अपक्ष. डावा पक्ष आणि सेंटर पक्ष तटस्थ राहिले. डाव्यांना तटस्थ ठेवण्यासाठी आदल्या रात्री उशिरा सौदा झाला: सर्वांत कमी पेन्शन असलेल्यांना महिन्याला १,००० क्रोनरपर्यंत (क्रोनर म्हणजे स्वीडनचं चलन) वाढ. सेंटरला डाव्यांशी झालेला समझोता मान्य नव्हता. त्यांनी निवडीपुरतं तटस्थ राहायचं ठरवलं, पण अर्थसंकल्पाला मत देणार नाही म्हणून सांगितलं. एकाला जवळ घेतलं की दुसरा दूर सरकायचा.

अर्थसंकल्पाला "विरोधी मतं १७५ हवीत" हा नियम नाही. तिथे प्रस्ताव एकमेकांसमोर ठेवतात आणि ज्याला जास्त मतं तो मंजूर. शिवाय खर्चाची एकूण चौकट आणि २७ खर्चक्षेत्रांची विभागणी एकाच निर्णयात मंजूर होते, म्हणजे एखादं कलम सुटं पाडता येत नाही, आख्खं पॅकेजच बदलतं. मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि स्थलांतरविरोधी, कट्टर उजवे स्वीडन डेमोक्रॅट या विरोधी पक्षांचा संयुक्त अर्थसंकल्प १५४ विरुद्ध १४३ असा मंजूर झाला. २०१८ च्या निवडणुकीतल्या निकालातलं या तिघांचं बळ बघा: ७० + २२ + ६२ = १५४.

सरकारच्या ७४ अब्ज क्रोनरच्या नव्या योजनांपैकी जेमतेम २० अब्जांच्या आसपासची रक्कम इकडची तिकडे झाली. त्यावर अँडरसन राज्य करायला तयार होत्या. पण स्वीडन डेमोक्रॅटचा हात लागलेला अर्थसंकल्प राबवणं आणि त्यातली पेट्रोल-डिझेलवरची करकपात ग्रीन पक्षाला गिळवेना. ते सरकारातून बाहेर पडले. आघाडीतला घटक पक्ष बाहेर गेला की सरकारने राजीनामा द्यायचा, हा तिथला संकेत. त्यांनी तो पाळला आणि एकपक्षीय सरकारसाठी पुन्हा उभ्या राहिल्या. २९ तारखेला ग्रीन तटस्थांत गेले, म्हणून ११७ चे १०१ झाले.

अवांतरवाला

म्हणजे विरोधकांच्या अर्थसंकल्पावर सरकार चालवायचं! आपल्याकडे अर्थसंकल्पावर हरलं की सरकार गेलंच.

पुरवणी_मागणी

अँडरसनबाईंसाठी विरोधकांच्या अर्थसंकल्पाची ही तिसरी खेप होती, म्हणून तर त्या तयार होत्या.

नोकरशहा की राजकारणी, याचं उत्तर दोन्ही. जन्म १९६७, उप्साला. शिक्षण स्टॉकहोम स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९९६ पासून पंतप्रधान योरान पेरसन यांच्या कार्यालयात, २००४ ते २००६ अर्थ मंत्रालयात राज्य सचिव (मंत्र्याखालचं राजकीय नेमणुकीचं पद), मग पक्षाध्यक्ष मोना साहलिन यांच्या सल्लागार, २००९ ते २०१२ कर खात्यात वरिष्ठ पदावर. २०१२ ला नवे पक्षाध्यक्ष (आणि पुढे पंतप्रधान) स्टेफान लोव्हेन यांनी आर्थिक प्रवक्ता केलं आणि २०१४ ते २०२१ सलग सात वर्षं अर्थमंत्री.

पहिला फटका ३ डिसेंबर २०१४ ला. स्वीडन डेमोक्रॅटनी आपला प्रस्ताव पडल्यावर तटस्थ न राहता उजव्या आघाडीच्या प्रस्तावाला मत दिलं, निकाल १८२-१५३. तोवर स्वतःचा प्रस्ताव पडला की गप्प बसायची पद्धत होती. ती मोडल्यावर अल्पमतातल्या कुठल्याच सरकारला झोप लागलेली नाही. दुसरा फटका डिसेंबर २०१८, काळजीवाहू सरकार असताना. मॉडरेट आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांचा अर्थसंकल्प मंजूर झाला, रोजगार खात्याच्या निधीला कात्री लागली आणि जानेवारीत त्या खात्याने ४,५०० कर्मचाऱ्यांना कपातीची सूचना दिली. निस्तरायला अर्थमंत्री पुन्हा याच.

माझ्या मते त्यांचं खरं काम या हाणामारीत झाकलं गेलं. सार्वजनिक वित्तातल्या शिलकीचं उद्दिष्ट २०१९ पासून जीडीपीच्या १ टक्क्यावरून एक-तृतीयांश टक्क्यावर आणलं आणि सरकारी कर्जाला जीडीपीच्या ३५ टक्क्यांचा खुंटा ठोकला. डाव्यांना हे कंजूषपणाचं वाटतं, पण कोविडमध्ये खर्च करायला जागा उरली ती त्यामुळेच.

कलम_सहा

एक दुरुस्ती. "सात तासांच्या पंतप्रधान" हे बातम्यांतलं वर्णन चुकीचं आहे. रिक्सडागने निवडलं तरी पदभार राजवाड्यातल्या राजासमोरच्या बैठकीनंतरच मिळतो. ती झाली ३० नोव्हेंबरला. तोपर्यंत काळजीवाहू पंतप्रधान लोव्हेनच होते. २४ तारखेला अँडरसननी सोडलं ते न स्वीकारलेलं पद.

आणि १७५ चा नियम नंतरही कामी आला. जून २०२२ मध्ये न्यायमंत्री मॉर्गन योहान्सन यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला. तो मंजूर झाला तर आपण सगळेच जाऊ, असं अँडरसननी बजावलं होतं. नाटोत जाण्यासाठी स्वीडनने केलेल्या अर्जाला महिनाही झाला नव्हता. ठरावाला मतं पडली १७४.

ताळेबंद

तीन महिन्यांनी, ११ सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत, अँडरसन यांच्या पक्षाची मतं २८.३ वरून ३०.३ टक्क्यांवर आणि जागा १०० वरून १०७ वर गेल्या. पण त्यांच्या बाजूची एकूण बेरीज १७३ आणि समोर १७६. विरोधात १७५ च्या वर मतं पक्की दिसल्यावर तटस्थांचा उपयोग शून्य. राजीनामा दिला, आणि १७ ऑक्टोबरला मॉडरेट पक्षाचे उल्फ क्रिस्टरसन १७६-१७३ ने पंतप्रधानपदी निवडले गेले.