शब्दचर्चा : मुंग्या, सावली आणि हसणारे अनारसे

प्रश्न : सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दिवाळीवरचा एक मजकूर संपादनासाठी आला आहे. त्यातली ही वाक्यं खटकतात : ‘बाबांनी दूरदर्शन विकत घेतलं’, ‘पडद्याला मुंग्या आल्या’, ‘बूस्टर लावूनही एका माणसाची दोन दिसत’, ‘अनारसे छान हसले’, ‘आजीने चकल्या वळल्या’. काय ठेवावं, काय बदलावं?

—

पहिलं वाक्य बदलाच. दूरदर्शन हे संस्थेचं नाव आहे, वस्तूचं नाही. माध्यम ते दूरचित्रवाणी, घरात येतो तो दूरचित्रवाणी संच आणि बोलताना टीव्ही. ‘दूरदर्शनवर सिनेमा लागला’ हे चालतं, कारण तिथे वाहिनीच अभिप्रेत असते.

मजकुरात साल असेल तर तेही पडताळा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि सिंहगडावरून होणाऱ्या सहक्षेपणामुळे, म्हणजे मुंबईचेच कार्यक्रम तिथून पुढे सोडल्यामुळे, १९७३ पासून पुण्यात दिसू लागलं. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं. म्हणजे १९७८ च्या दिवाळीत घरच्या टीव्हीवर कुणाची साडी लाल दिसत असेल, तर तेही दुरुस्त करावं लागेल.

—

‘मुंग्या’ ठेवा, विभक्ती बदला. पायाला मुंग्या येतात, पण पडद्यावर मुंग्या येतात किंवा दिसतात. पहिल्यात त्वचेला होणारी जाणीव आहे, दुसऱ्यात डोळ्यांना दिसणारे ठिपके. शब्द एकच, वाक्याची बांधणी वेगळी. ‘टीव्हीला मुंग्या आल्या’ असंही कानावर पडतं, पण छापताना ‘टीव्हीवर’ बरं.

बूस्टरच्या, म्हणजे अँटेनाने पकडलेली लहर वाढवणाऱ्या यंत्राच्या, वाक्यात मात्र भाषेची चूक नाही, समजुतीची आहे. मुंग्या आणि सावली हे दोन निराळे दोष. प्रक्षेपणाची लहर अशक्त पोचली की मुंग्या. एकच लहर दोन वाटांनी पोचली, एक थेट आणि दुसरी डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून, की सावली, म्हणजे मूळ चित्राच्या उजवीकडे दिसणारं फिकट दुसरं चित्र. उजवीकडेच का, तर पडद्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे आखली जाते आणि उशिरा आलेली लहर पुढे उमटते. हिशेबही सोपा आहे. आपल्याकडच्या तेव्हाच्या पद्धतीत एका रेघेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. परतून आलेल्या लहरीला ३०० मीटर जास्त चालावं लागलं तर ती १ मायक्रोसेकंद मागे पडते. २० इंची पडदा सुमारे ४० सेंटीमीटर रुंद, म्हणून सावली पाऊण सेंटीमीटर सरकलेली दिसते.

बूस्टर दोन्ही लहरी सारख्याच वाढवतो, त्यामुळे सावली जात नाही. तिच्यावर उपाय एकच : गच्चीवर जाऊन अँटेना थोडी थोडी फिरवायची, चित्र किंचित फिकं झालं तरी चालेल पण दुसरी लहर टाळायची. म्हणून ‘बूस्टर लावूनही’ यातला ‘ही’ फसवा आहे. ‘बूस्टर लावला, मुंग्या गेल्या, सावली तेवढी राहिली’ असं लिहिलंत तर जाणकार मान डोलावतील.

—

पुरवणी. बूस्टर कुठे लावला यावरही मुंग्या अवलंबून. तो अँटेनाच्या काठीवर हवा. खाली टीव्हीशेजारी लावला तर वायरमध्ये आधीच दुबळी झालेली लहर आणि संचापर्यंत येताना मिसळलेली खरखर दोन्ही वाढतात. आणि दिवाळीतल्या मुंग्यांचं निम्मं कारण नुकताच सरलेला पावसाळा. अँटेनाच्या स्क्रूंवर गंज चढतो, चपटी वायर उन्हाने तडकते आणि तिच्यात पाणी शिरतं. स्क्रू सोडवून वायरची टोकं पॉलिश पेपरने घासली आणि इंचभर नवीन तांबं उघडं केलं तर बरेचदा बूस्टरची गरजच उरत नाही.

चित्र वर-खाली पळत असेल तर ती तिसरीच गोष्ट. त्याचा गच्चीशी बहुधा संबंध नाही, संचाच्या मागचं व्हर्टिकल होल्डचं बटण हळूच फिरवायचं. मजकुरात ‘चित्र पळतंय म्हणून दादा गच्चीवर गेला’ असं काही असेल तर तेवढं बघा.

—

प्रश्न : आहे की! आणि पुढे असंही आहे : ‘आईने भाजणी दळायला मिक्सर लावला की पडद्यावर ठिपक्यांचे आडवे पट्टे येत, आवाज मात्र स्वच्छ.’ हे खरं का? आणि याला खंड म्हणायचं की व्यत्यय?

—

अगदी खरं. मिक्सरच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशांपाशी ठिणग्या उडतात आणि त्यांतून रेडिओलहरी निघतात. तेव्हाच्या प्रक्षेपणात चित्र लहरीच्या उंचीत भरलेलं असे, म्हणून ही खरखर त्यात थेट घुसे. आवाज लहरीच्या वारंवारतेत भरलेला असे, त्याला उंचीतल्या गडबडीची फारशी बाधा होत नसे. खालून स्कूटर गेली तरी तेच. वाक्य जसंच्या तसं ठेवा, पाहिलेल्या माणसाने लिहिलं आहे.

शब्द व्यत्यय. प्रक्षेपण थांबलं, पडदा कोरा झाला तर खंड. चालू असताना मध्ये काही आलं तर व्यत्यय. प्रक्षेपण थांबलं की दूरदर्शन पडद्यावर ज्या पाट्या दाखवायचं त्यांच्यामुळे दोन्ही अर्थ ‘व्यत्यय’ या एकाच शब्दात ओतले गेले, तरी लेखनात फरक पाळायला हरकत नाही. पण मिक्सरमध्ये चकलीची भाजणी दळली म्हणणं जरा धाडसाचं. चारेक वाट्यांपुरतं ठीक, किलोभर भाजणी गिरणीतच जाते.

—

आता फराळ. ‘अनारसे छान हसले’ हे ‘छान नापास झाला’ असं लिहिण्यासारखं आहे. अनारसा हसला म्हणजे तुपात पडताच पसरला, फाटला, विरघळत गेला. लेखकाला बहुधा ‘छान जाळी पडली’ म्हणायचं असावं.

हसण्याची कारणं दोनच : पीठ जास्त ओलं किंवा गोड जास्त. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत कापडावर पसरायचे. हाताला दमट लागतात पण चिकटत नाहीत, त्या क्षणी कुटायचे. एक वाटी चाळलेल्या पिठीला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. गोळे करून डब्यात चार-पाच दिवस तरी मुरवायचे. थापताना खसखस खाली, तुपात सोडताना खसखस वर, आच मंद. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. पहिला एकच सोडून पाहायचा. हसला तर उरलेल्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळायची. जाळीच पडली नाही, टणक झाला, तर उलट दोष : पीठ कोरडं. तेव्हा कुस्करलेलं केळं किंवा चमचाभर दूध.

करंजीची कड तळणीत उघडली तर ती फुटली किंवा उकलली. काही घरांत तिलाही हसली म्हणतात, तेही चूक नाही.

—

चकल्या वळत नाहीत, सोऱ्याने पाडतात किंवा घालतात. वळतात ती कडबोळी आणि लाडू. करंज्या भरतात, शंकरपाळी कातणाने कापतात, अनारसे थापतात. आजीने खरोखरच हाताने वळल्या असतील तर ‘कडबोळी वळली’ करा, पीठ बरंचसं तेच असतं.

त्याच परिच्छेदात ‘मोहन टाकलं’ असेल तर ‘घातलं’ करा. मोहन म्हणजे पिठात घातलेलं कडकडीत तेल. थंड तेल घातलं तर त्याला मोहन म्हणू नये, परिणामही तो होत नाही. चार वाट्या भाजणीला पाव वाटी तेल पुरतं. जास्त झालं तर चकली तळणीत सुटते, तुकडे होतात. कमी झालं तर दाताला टणक लागते. आणि सगळं प्रमाण बरोबर असून दुसऱ्या दिवशी मऊ पडली, तर दोष मोहनाचा नसून आचेचा : मोठ्या आचेवर वरून रंग आला, आत ओल राहिली. तेलातले बुडबुडे थांबत आले की काढायची.

—

सोऱ्याने, झाऱ्याने : दोन्हींत ऱ्य, वर रफार नाही. सोर्या, झार्या असं टाइप झालं असेल तर तेवढं शोधून बदला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोल खोरी, तसाच हा फरक, फक्त इथे चुकीच्या रूपाला काही अर्थच नाही.