वावर विका, पण ब्रँड सोडू नका? (चर्चा धागा)

घाटंजीकर

तालुक्याच्या ग्रुपवर काल एक मेसेज फिरला. थोडक्यात असा: कॅन्सरची औषधं महाग आहेत ती सरकारच्या करामुळे, जेनेरिक म्हणजे खडूची भुकटी, म्हणून घरात कॅन्सर निघालाच तर वावर विका पण 'ओरिजनल' ब्रँडच टोचून घ्या. खाली अंगठ्यांची रांग. डोकं तापलं, म्हणून इथे लिहितोय.

आधी कराचं बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि 33 औषधांवर शून्य झाला. म्हणजे लाखाच्या बिलात कराचे फार तर पाच हजार. बाकीचे पंच्याण्णव कुठे जातात, ते विचारा ना!

ते जातात एमआरपीत. 2019 साली एनपीपीएने (औषधांचे भाव ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) 42 कॅन्सर औषधांवर व्यापारी नफ्याची कमाल मर्यादा 30 टक्के केली. तेव्हा पेमेट्रेक्सेड 500 मिग्रॅच्या एका ब्रँडची छापील किंमत 25,400 वरून 2,509 वर उतरली. एर्लोटिनिब 150 चा एक ब्रँड 9,999 वरून 891 वर. औषध तेच, कंपनी तीच. मधली रक्कम स्टॉकिस्ट, दवाखाना आणि दुकान यांच्यात वाटली जात होती, आणि वावर विकणाऱ्याला वाटत होतं की आपण औषधाची किंमत मोजतोय.

म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी नेट रेट, म्हणजे हातात पडणारा खरा भाव, विचारा. 'एमआरपीवर दहा टक्के सूट' असा बोर्ड दिसला की समजा, तिथे सूट छापील आकड्यावर आहे, खऱ्या भावावर नाही.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, कागदावर तुमचं गणित लय झकास हाय. पण 42 औषधं म्हंजे सारी औषधं नाई. पेटंटवाल्या नव्या औषधाले कोणी हात लावत नाई. 2012 मंदी लिव्हर-किडनीच्या कॅन्सरच्या सोराफेनिबचं सक्तीचं लायसन (पेटंट असूनबी दुसऱ्या कंपनीले बनवू द्याचं) देलं तवा महिन्याच्या 120 गोळ्या 2 लाख 80 हजारावरून 8,800 वर आल्या. मंग त्याच्यानंतर दुसरं लायसन काहून नाई निघालं? तेवढं सांगा.

अन् स्वस्ताच्या मांगं धावाल तर दिल्लीवानी गत व्हईन. 2024 मंदी तिथं रिकाम्या बाटल्या भरून इकणारी टोळी पकडली होती. आत कॅन्सरचं औषध नाई, बुरशीवरचं!

गोळी_बाटली

ठेचाभाऊ, दिल्लीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या टोळीने जेनेरिक भरलं नव्हतं, सगळ्यात महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या होत्या. शंभर रुपयांच्या सिस्प्लॅटिनची, केमोच्या जुन्या औषधाची, नक्कल कोण करत बसेल? लाखाची बाटली 'ओळखीतून अर्ध्या भावात, बिल नको' अशी मिळाली की घाबरायचं. बिलावर बॅच नंबर हवा, तोच खोक्यावर आणि बाटलीवर जुळायला हवा, झाकणाची पट्टी तुटलेली नको. आणि सलाईन लागलं की रिकाम्या बाटलीचं लेबल स्वतः फाडायला लावा. हे कोणीच करत नाही, आणि टोळ्यांना माल मिळतो तो इथूनच.

आता घाटंजीकरांनी न सांगितलेली गोष्ट. पैसा नुसत्या भावात जात नाही, बाटलीच्या मापातही जातो. स्तनाच्या कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब घ्या. वजन 50 किलो असेल तर पहिला डोस किलोला 8 मिग्रॅ म्हणजे 400, नंतर दर तीन आठवड्यांनी किलोला 6 म्हणजे 300. बाटल्या येतात 440 आणि 150 च्या. 440 ची फोडली तर 140 उरतं. ते सोबत आलेल्या बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतू वाढू न देणाऱ्या) पाण्यातच विरघळवलं असेल आणि 2 ते 8 अंशांत ठेवलं असेल तर 28 दिवस चालतं, म्हणजे पुढच्या डोसात वापरता येतं. साध्या पाण्यात विरघळवलं की उरलेलं गेलं. वॉर्डात ठेवायची सोय नसेल तर सरळ 150 च्या दोन घ्या, थेंब वाया जात नाही.

गावी मात्र नेऊ नका. मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये फ्रिज तापतो, आणि घाबरून फ्रीझरमध्ये ठेवलं तर गोठून औषधच मोडतं. दोन्हीकडून नुकसान. केमोनंतरच्या पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शनचंही तसंच. थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून आणू नका, मध्ये कापड घाला.

झाडीपट्टीवाला

चालू द्या हिशोब. खरी गोष्ट कोणी बोलत नाही. आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर कशाने होतात? खर्र्याने. पानठेल्यावर बसून पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून घ्यायचा, दिवसभर गालात ठेवायचा आणि मग औषध महाग म्हणून बोंबलायचं!

वऱ्हाडी_ठेचा

हे आले उपदेशक. बाप्पा, राज्यात 2012 पासून गुटखाबंदी हाय. पुडी दिसते का नाई दुकानात? धानाच्या रोवणीच्या बाईले दिवसभर चिखलात भूक मारायले खर्रा लागते, तिले दोष देणं सोपं हाय. सुपारी का आभाळातून येते, ते पानठेलेवाल्याले कोणी इचारत नाई.

झाडीपट्टीवाला

दोष दिला नाही, कारण सांगितलं. अन् नुसती तंबाखू काढून 'साधा खर्रा' खाणाऱ्यांनी ऐकून ठेवा, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. 2004 सालीच आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, तिला पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सरकारक गटात टाकलं. तोंड कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, तीन बोटं उभी आत जात नाहीत, की डॉक्टर गाठा. तेवढं केलं असतं तर केमोची गरजच पडली नसती अशा लोकांच्या रांगा आहेत नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला. हे लिहिलं तर मी उपदेशक!

वऱ्हाडी_ठेचा

बरं, उपदेशक नाई, महाराज. तीन बोटाचं खरं हाय, तेवढं मान्य. पण खर्रा सोडला म्हून औषध स्वस्त होत नाई.

केमो_वॉर्ड

दोघांनी श्वास घ्या, तोंडाच्या कॅन्सरचाच हिशोब मांडते. शस्त्रक्रियेनंतर किंवा तिच्याऐवजी रेडिएशन असेल तर साधारण 30 ते 35 सत्रं, आठवड्याला पाच, म्हणजे सहा ते सात आठवडे. सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 40 मिग्रॅ, छोट्या अंगाच्या माणसाला 60 च्या आसपास. ते स्वस्त आहे. महाग पडतं ते गडचिरोलीच्या माणसाचं नागपुरात सहा-सात आठवडे राहणं, सोबतच्याची मजुरी बुडणं. मध्येच कंटाळून गावी गेला आणि सत्रं चुकली की उपचाराचा जोर कमी होतो, मग दुसऱ्या टप्प्याची खरी महाग औषधं लागतात. सडके दात रेडिएशनच्या आधी काढून दोनेक आठवडे जखम भरू द्यायची असते. हे राहिलं तर पुढे जबड्याचं हाड मरतं, ते बिल वेगळंच. रेल्वेची सवलत घ्या. दवाखान्याच्या फॉर्मवर रुग्णाचा स्लीपर फुकट, सोबत्याला 75 टक्के सूट.

आणि पसरलेल्या तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्येही वावर विकायच्या आधी विचारा. टाटा हॉस्पिटलने निवोलुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं महागडं इंजेक्शन) नेहमीच्या 240 ऐवजी फक्त 20 मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी, गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 टक्के होतं, ते 43 टक्क्यांवर गेलं. त्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. पण घरी काळजी घ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोजची समजून घेतली की तोंड सोलून निघतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. वार ठरवा, पाकिटावर पेनाने लिहा, उरलेल्या गोळ्या वेगळ्या डब्यात.

घाटंजीकर

धागा औषधाच्या किमतीवर होता, खर्र्यावर गेला, तरी केमोताईंमुळे परत आला. ठेचाभाऊ, पेटंटवर तुम्ही बरोबर आहात, घ्या. तिथे माझा नेट रेटचा उपाय चालत नाही. पण मेसेजवाला पेटंटच्या औषधाबद्दल बोलतच नव्हता, सरसकट सगळ्यावर वावर विकायला सांगत होता.

वऱ्हाडी_ठेचा

अन् योजना? पाच लाखाचं कार्ड हाय म्हंते सरकार.

गोळी_बाटली

आहे, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख. घोळ होतो तो इथे: घाबरून रोखीने भरती होतात, दोन केमो होतात, मग आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) जातात. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, योजना कॅशलेस आहे. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार घेऊन मंजुरी आधी. रेशनकार्डात नाव नाही किंवा आधारवर स्पेलिंग वेगळं, यातच फायली अडकतात. बायोप्सीच्या तारखेआधी तहसीलला एक चक्कर मारून नाव दुरुस्त करा. सगळीच औषधं पॅकेजच्या यादीत नसतात, म्हणून मंजुरी घेतानाच विचारा की आमचं औषध यात आहे का, नसेल तर बाहेरून किती लागेल, आणि ते लिहून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

तहसीलले एक चक्कर! हे लिवणारा तहसीलले गेला हाय का कदी?