"मनाचं आहे, कामात गुंतवा" : थकलेल्या माणसाला असं सांगणं बरोबर आहे का?

मांजराकाठ (धागा सुरू करणारी)

माझी मोठी बहीण केज तालुक्यात दिलेली आहे. 2021 च्या उन्हाळ्यात तिच्या घरात सगळ्यांना ताप आला. बाकीचे पंधरा दिवसांत उठून कामाला लागले, अक्का अजून सावरली नाही. अंथरुणाला खिळली असती तर लोकांना पटलं तरी असतं. ती सकाळी पीठ मळते. चार भाकरी थापायच्या असतात. दुसरी तव्यावर पडली की हात थांबतात, ती तिथंच चुलीपुढं भुईवर आडवी होते, आणि करपल्याचा वास आला की तिची पोरगी अभ्यास सोडून पळत येते. आठ तास झोपून उठली तरी अंग मोडलेलंच. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. परवा परातीला काय म्हणतात ते तिला आठवेना.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12, छातीचा फोटो, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल. मग एका डॉक्टरांनी तिच्यादेखत भाऊजींना सांगितलं, "काही नाही, मनाचं आहे. कामात गुंतवा." घरच्यांनी गुंतवली. दिवाळीत कापूस वेचायला नेली. त्या दिवशी तिनं निभावून नेलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीपर्यंत जाववेना, आणि ते अकरा दिवस चाललं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडं "मनाचं आहे" हे निदान म्हणून कुणी बोलतच नाही. आता तपासायचं थांबलो, एवढाच त्याचा अर्थ असतो. पोटातल्या अल्सरलाही किती वर्षं काळजीचा आजार म्हणायचे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला, 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. तोवर किती जणांना "विचार करू नका" एवढंच औषध मिळालं असेल?

ग्रामीण ओपीडी

ताई, मी धाराशिव जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात आहे. तुमच्या बहिणीला जे सांगितलं ते चूक, आणि ज्या पद्धतीनं सांगितलं ते त्याहून चूक. पण तुमच्या लिखाणातलं एक गृहीत मला मान्य नाही. मनाचं म्हणजे खोटं, असं तुम्हीच धरून चाललात.

माझ्याकडं रोज "हातपाय गळायलेत, जिवात जीव नाही" म्हणत येणाऱ्या बाया-माणसांची रांग असते. त्यात रक्त कमी असलेल्या पुष्कळ. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांना रक्तक्षय आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आलंय. थायरॉइडही निघतो. आणि कित्येकांना नैराश्य असतं, जे दुखण्याच्या आणि थकव्याच्याच भाषेत बोलतं. मी हळूच "झोप कशी लागते, रडू येतं का" विचारलं की सोबतचा माणूस उठतो, "आमची बाई येडी नाही." तिथून सरळ खाजगीत जातात आणि ताकदीची पिवळी सलाईन लावून येतात. पैसे जातात, आजार तसाच.

मन शरीराबाहेर कुठं लोंबकळत नसतं. 1978 चा एक प्रयोग आहे. दाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून नुसतं बिनऔषधी इंजेक्शन दिलं, काहींचं दुखणं खरंच कमी झालं. नंतर अफूवर्गीय औषधांचा असर पुसणारं नॅलॉक्सोन दिलं, तर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशानं मेंदूनं स्वतःचं वेदनाशामक तयार केलं होतं. याला खोटं कसं म्हणणार?

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, खोटं मी म्हणत नाही, आमच्या गावात म्हणतात. "मनाचं" हा शब्द दवाखान्याच्या पायरीवरून खाली उतरला की घरी पोचेपर्यंत त्याचं "सोंग" झालेलं असतं.

आणि तुमचा प्रयोग वेदनेचा आहे. अक्काचं वेगळं आहे. श्रम केले की एक-दोन दिवसांनी सगळं कोसळतं, आणि किती दिवस कोसळलेलं राहील ते सांगता येत नाही. याला एमई/सीएफएस, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2015 च्या अहवालात या आजाराची मुख्य लक्षणं हीच धरलीत: सहा महिन्यांहून जास्त थकवा, श्रमानंतरची ही घसरण, झोपूनही न जाणारा शीण, आणि त्यासोबत डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास.

ब्रिटनमध्ये 2011 साली याच आजाराच्या सहाशेच्या वर रुग्णांवर उपचार करून पाहिलेली पेस नावाची चाचणी छापून आली. हळूहळू व्यायाम वाढवा, विचार बदला, बरे व्हाल, असा तिचा निष्कर्ष. बरं झालं कशाला म्हणायचं, ही मोजपट्टीच मध्येच सैल केली होती. रुग्णांनी भांडून 2016 साली आकडे बाहेर काढले. जुन्या मोजपट्टीनं पाहिलं तर बरं होण्यातला तो फरक उरला नाही. 2021 च्या ऑक्टोबरात तिथं कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या नाइस संस्थेनं व्यायाम वाढवत नेण्याचा तो उपचार देऊ नका असं लिहिलं, आणि समुपदेशन आधारापुरतं, बरं करणारा उपचार म्हणून नाही, हेही लिहिलं. आमच्याकडं मात्र अजून "कापसात न्या".

तेरणाकाठ

मांजराकाठताई, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण मला उलट बाजू मांडायची आहे, कारण माझी आई "मनाचं आहे" या शब्दानं वाचली.

30 सप्टेंबर 1993. विसर्जन करून गाव झोपलं होतं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आमचं घर जुन्या पद्धतीचं, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. त्या मातीखालून आईला काढलं, धाकट्या बहिणीला काढलं तेव्हा ती नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर आईला सुरू झालं: पहाटे चारला छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, हात बधिर, दिवसभर अंगात त्राण नाही. तीन वेळा पट्टी काढली, दोन डॉक्टर झाले, एका बाबानं लिंबू उतरवले. सहा वर्षं.

मग लातुरात एका डॉक्टरबाईंनी फाइल बाजूला ठेवून विचारलं, "त्या रात्री तुम्ही घरात कुठं झोपला होता?" आई दोन तास बोलली. आम्हालाही माहीत नव्हतं की बहिणीचा हात तिच्या हातात होता आणि तो गार होताना तिला कळत होतं. पुढं गोळ्या चालल्या, बोलणं चाललं. त्या वर्षी दिवाळीला आई पहिल्यांदा अंगण सोडून छताखाली झोपली.

माझ्या आईचं मनाचंच होतं, आणि तिचे हात खरंच बधिर होते. हा शब्दच वाईट ठरवलात तर तिच्यासारख्या बायांनी कुठं जायचं?

धारूरची आशा

सगळं वाचलं. दोन्हीकडच्या म्हणण्यात आमच्या डोंगरातल्या बाया कुठं दिसत नाहीत, म्हणून लिहिते.

आमच्याकडं थकलेल्या बाईला "मनाचं" कुणी म्हटलं नाही. "पिशवीचं", म्हणजे गर्भाशयाचं, म्हटलं. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, गळून गेल्यासारखं होतंय, असं सांगत बाई यायची आणि खाजगीत सोनोग्राफी करून "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल" ऐकून जायची. 2019 साली राज्य सरकारच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी आली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तिशी-पस्तिशीतल्या.

माझ्या वस्तीवरची एक सांगते, तिच्याच शब्दांत: "रात्री दोनला गाडी भरायची, पहाटं परत फडात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. पाळी आली तरी खाडा पाडता येत नाही, मुकादम पैसे कापतो. कोपीला मोरी नाही की पाणी नाही. पिशवी काढली की सुटले म्हणलं." पिशवी काढली, सोबत अंडाशयही गेलं असावं, कारण लगेच अंगातून वाफा, हाडं ठणकणं, झोप नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला तिसऱ्या महिन्यात परत फडात. आता ती आधीपेक्षा जास्त थकलेली आहे.

तेव्हा ताई, "मनाचं नाही, शरीराचं आहे" एवढं म्हटलं की बाई सुटली असं नाही. शरीर मानलं आणि कापूनच टाकलं. आणि डॉक्टरसाहेब, तिला झोप कशी लागते ते विचारा, पण उचल किती घेतलीय तेही विचारा.

निर्धार

मी चिकुनगुन्यानंतर चार महिने असाच पडून होतो. रोज थोडं चालणं वाढवलं, प्राणायाम केला, बरा झालो. सहानुभूतीनं माणूस अजून खचतो. घरच्यांनी जोर केलाच पाहिजे.

ग्रामीण ओपीडी

निर्धारभाऊ, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. तापानंतरचा अशक्तपणा बहुतेकांचा असाच, चालत-फिरत भरून येतो. पण ज्याला श्रमानंतर दोन दिवसांनी घसरण होते त्याच्यावर हाच जोर केला तर तो आणखी खाली जातो. जोर करायच्या आधी एवढं एक विचारायला काय जातं, "काम केल्यावर परवा कसं वाटतं?" खरं सांगतो, हे मीही सगळ्यांना विचारत नव्हतो.

आशाताई, उचलीचं तुमचं बरोबर आहे.

मांजराकाठताई, एक करा. बहिणीला दहा मिनिटं आडवी ठेवून नाडी मोजा. मग भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभी करा, दर मिनिटाला नाडी लिहा. शेजारी कुणीतरी असू द्या, चक्कर आली की लगेच झोपवा. मोठ्या माणसाची नाडी तीसनं किंवा जास्त वाढून तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही, तर तो कागद घेऊन मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा. उभं राहिल्यावर नाडी अशी धावते, त्यावर उपचार आहेत. पण माझा हट्ट मी सोडत नाही. तिला आतून काय वाटतं, हे एकदा एकटीला गाठून विचारा. तेरणाकाठ म्हणतात तसं, विचारल्याशिवाय कळत नाही.

मांजराकाठ

रविवारी जाऊन आले. तिच्या गावातल्या आशा कार्यकर्तीनं बीपीचं मशीन आणलं होतं. आडवी असताना 76, उभी राहिल्यावर दहाव्या मिनिटाला 114. बीपी तेवढंच. पाय जांभळट पडले होते, ते भाऊजींनी पहिल्यांदा पाहिलं. बॅटरी लावून पाहिलं, काही बोलले नाहीत.

डॉक्टरसाहेब, तुमचं दुसरं म्हणणंही ऐकलं. इतके दिवस "मनाचं नाही" म्हणून भांडताना तिच्या मनाचं मीही काही विचारलं नव्हतं, हे कबूल करते. सगळे बाहेर गेल्यावर विचारलं. ती म्हणाली, "भीती वाटते. आजाराची नाही. पोरीला शाळेतून काढून चुलीपुढं बसवतील याची."

पोरगी नववीत आहे. त्यावर मी भाऊजींशी बोलले, अजून बोलणार आहे. मंगळवारी अंबाजोगाईला नेतोय. एसटीत तिला एवढा वेळ बसवत नाही, म्हणून चुलतभावाची जीप सांगितलीय, मागचं सीट काढून गादी टाकणार आहोत.